आक्का, तुमचा कापूस वेगळा ठेवलाय

आक्का,

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन तुम्हाला माहीत आहे. पहिली वेलांटी कुठं आणि दुसरी कुठं हे चौथीपर्यंत कळलं नाही, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. अक्षरही तसलंच. माझी ओळ डावीकडून निघते ती उजवीकडे पोचेपर्यंत वर चढलेली असते. तुम्ही म्हणायचात, "हमीदे, तुजी ओळ पसरणीचा घाट चढाय लागली बघ." तर कागद जरा तिरका धरून वाचा.

तुम्ही जाऊन अजून महिना व्हायचा आहे. समोर माणूस असलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तुमच्यासमोर फुटायची गरजही पडली नाही, कारण दोघींचं मिळून तुम्हीच बोलायचात. आता समोर कोणी नाही म्हणून जमतंय. हे मी कोणाला दाखवणार नाही.

लिहायला कारण आहे. जाताना तुम्ही एक काम अर्धं टाकून गेलात, जान्हवीच्या रात्रीचं. शेवटचा लाल दोरा अजून गादीत होता. "हा सुटंस्तवर माझा जीव टांगणीला," असं तुम्ही येता-जाता म्हणायचात. त्याचं पुढं काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण मी सरळ तिथं जाऊन पोचणार नाही. तुम्हाला सवय आहे, मला एक गोष्ट सांगायची तर आधी चूल पेटवावी लागते.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या दुकानात आलात तेव्हा मी आत कापूस पिंजत होते. आमचं घर पिंजाऱ्याचं. माहेर कवठे महांकाळचं, तिथं हेच काम. सासर वाईचं, इथंही हेच. फोमच्या गाद्या आल्यापासून दुकानात दिवसभर गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. तुम्ही ह्यांना म्हणालात, "चोवीस गाद्या पायजेत. अडीच फुटी."

ह्यांनी विचारलं, "एवढ्या अरुंद? दवाखाना काढताय व्हय?"

"न्हाई वं. पोरं येणार हायती, पाठीवर बोचकं घिऊन देश हिंडणारी. रातीपुरती पाठ टेकाय जागा द्यायची, सकाळी चा पाजून वाटंला लावायचं."

"आन पैसं देत्यात?"

"हाटेलापरास कमी देत्यात. पन देत्यात."

ह्यांना ते काही खरं वाटलं नाही. तुम्ही गेल्यावर मला म्हणाले, बाई डोक्यानं बरी आहे ना? पण गाद्या केल्या. मी त्या घालायला आले. लोखंडाच्या दुमजली खाटा मी तोवर बघितल्या नव्हत्या. वरच्या खाटेवर गादी टाकायला चढले आणि खाली बघितल्यावर मला गरगरलं. तुम्ही शिडी धरून उभ्या होतात. म्हणालात, "उतरू नगंस. तितनंच सांग, भाकरी येती का तुला?"

"येती."

"मग उद्यापासनं ये."

बाईला खाटेवर अडकवून नोकरी देणारी मालकीण दुसरी कुठं झाली नसेल.

तुमचे मालक एसटीत कंडक्टर होते. मी त्यांना बघितलं नाही, फोटोच बघितला. त्यांच्या मागं आलेल्या पैशांतून तुम्ही ही जागा उभी केलीत आणि दारावर पाटी लावलीत, 'विनंती थांबा'. खाटांना तुम्ही नंबर दिले नाहीत. नंबर दवाखान्यात आणि तुरुंगात असतात, म्हणालात. खाटांना दिलीत थांब्यांची नावं. दारातून सुरुवात भुईंज, मग सातारा, नागठाणे, उंब्रज, कराड, असं करत सांगली, मिरज. उंब्रज तुमचं माहेर, म्हणून ती खाट पंख्याखाली. सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात, खिडकीपाशी कवठे महांकाळ. मी म्हटलं, माझं गाव एवढं लांब टाकलंत? तुम्ही म्हणालात, "आगं, शेवटचा थांबा हाय. तितं निजलेल्याला कोन उठवत न्हाई."

आणि सकाळी मालकांचा तिकिटाचा पंच वाजवत तुम्ही खाटांमधून फिरायचात. टिक टिक, टिक टिक. "चला, भुईंज उतरा! उंब्रज उतरा! चा गार व्हाय लागला!" हिमाचलची पोरं, केरळाची पोरं, एक तर जर्मनीचा, सगळे डोळे चोळत उठायचे आणि एकमेकांना विचारायचे, तू कुठला? मी नागठाणे. मी कराड. मला ओट्यामागून ते ऐकायला फार आवडायचं. मी काही पुढं यायची नाही. ताटं खिडकीतून सरकवायची आणि परत मागं व्हायची. तुम्ही कधी ओढून पुढं केलं नाहीत. एवढंच म्हणायचात, "हिच्या हाताला चव हाय, तोंडाला कुलूप."

मग करोना आला आणि सगळे थांबे एका दिवसात ओस पडले. मिळेल त्या गाडीनं पोरं पळाली. एकटी जान्हवी अडकली. आसामची. तिची गाडी रद्द झाली, मग दुसरी रद्द झाली, मग गाड्याच राहिल्या नाहीत. गल्लीतली माणसं दारात आली. तोंडाला रुमाल बांधून, लांब उभं राहून म्हणाली, "आक्का, त्या पोरीला घालवा. भायेरची हाय. कुठनं कुठनं हिंडून आलीया."

तुम्ही पाटीकडं बोट दाखवलंत. "वाचा काय लिवलंय. इनंती थांबा. तिनं इनंती केली, मी थांबले. आता गाडी तिला घिऊनच निघंल."

तो अख्खा उन्हाळा ती कवठे महांकाळच्या खाटेवर राहिली. मला भाजी चिरू लागायची, मिरची चिरून डोळे चोळायची आणि रडायची, आणि तुम्ही म्हणायचात, "बघ गं, हिला घरची आठवण आली." ती खरंच घरच्या आठवणीनं रडायची आक्का. मिरचीचं निमित्त होतं. तुम्हालाही ते माहीत होतं, म्हणून रोज मिरची चिरायला तिलाच द्यायचात.

पुढच्या उन्हाळ्यात जे झालं, त्याबद्दल आपण दोघी कधी सरळ बोललो नाही. तेव्हा मी भावाच्या आजारपणाला कवठे महांकाळला गेले आणि तिकडंच अडकले. इकडं गल्लीत घरोघर माणसं पडली. एका खोलीत सहा-सहा जणांचं घर, आजारी माणसाला वेगळं ठेवायचं कुठं? तुम्ही थांब्याचं दार उघडलंत. ज्या माणसांनी जान्हवीला घालवायला सांगितलं होतं, तीच माणसं उंब्रज, कराड, मिरज अशी निजायला आली. तुम्ही रेनकोट घालून त्यांना पेज पाजलीत. फोनवर मला म्हणायचात, "काय न्हाई गं, सारी बरी हायती, तू हितली काळजी करू नगं."

घाटावर फुलं विकणारे तात्या कराडच्या खाटेवर होते. ते तिथंच गेले, सकाळी, दवाखान्याची गाडी यायच्या आत. तुम्ही त्यांचा हात धरून बसला होतात. हे मला त्यांच्या मुलानं सांगितलं. तुम्ही सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मी परत आले तेव्हा तुम्ही गच्चीवर होतात. जिना चढून वर आले आणि बघते तर गारा पडल्यासारखी गच्ची पांढरी. तुम्ही सगळ्या गाद्या उसवल्या होत्या. खोळी पाण्यात उकळून दोरीवर टाकलेल्या, आणि चोवीस गाद्यांचा कापूस एकत्र करून उन्हात पसरलेला. तुम्ही पदर खोचून काठीनं तो खालीवर करत होतात. तोंडावर एवढा आनंद होता आक्का.

"आलीस? बघ, तुजं काम हलकं करून ठिवलंय."

मी विचारलं, "तात्यांची गादी कुठली?"

"कुठली म्हंजे? ह्यातच हाय की."

माझ्या सासऱ्यांची एक शिकवण होती. ज्या गादीवर माणूस गेला तिचा कापूस दुसऱ्याच्या कापसात मिसळायचा नाही. वेगळा बांधायचा, घरच्यांना विचारायचं आणि ते म्हणतील तसं करायचं. कोणी त्याची उशी करून जवळ ठेवतं, कोणी जमिनीत पुरतं. यात विटाळ नाही, भीती नाही. सासरे म्हणायचे, माणूस आपलं वजन गादीत ठेवून जातो. ते त्याच्या माणसांचं असतं, पिंजाऱ्याचं नाही.

आणि आता तात्यांचं वजन चोवीस गाद्यांत गेलं होतं. कुठला पुंजका त्यांचा, हे मला काय, माझ्या सासऱ्यांनाही सांगता आलं नसतं.

मी म्हटलं, "आक्का, ह्याची गादी मी भरणार न्हाई."

"का? रोग ऱ्हातोय म्हनतीस? डागतर म्हनला काय व्हत न्हाई. चार दिस उनात हाय."

"रोगाचं न्हाई. मिसळलाय."

"मिसळंना! आमच्या कारखान्यात साऱ्या गावाचा उस एकाच पट्ट्यावर पडतोय. मेलेल्याच्या रानातला बी आन जित्याच्या बी. साखर गोडच निघती."

"साखर खात्यात आक्का. गादीवर माणूस निजतो."

"आगं पन कुणाला कळणार हाय?"

"मला कळणार हाय."

तुम्ही काठी खाली टाकलीत. मला वाटतं, तुमच्यासमोर एवढं बोलायची माझी ती पहिलीच वेळ. पण शब्द मागं घ्यावासा वाटला नाही.

तुम्ही का चिडलात ते मला कळत होतं. मूळ जागा तुमच्या दिरांच्या, विलासरावांच्या वाटणीत होती. ते आधीच सांगून गेले होते, कासच्या फुलांच्या हंगामाला दार उघडलं नाही तर जागा खताच्या गोदामाला देणार. हंगाम तोंडावर आला होता. नवा कापूस घ्यायला पैसा नव्हता. जुना कापूस गच्चीवर तयार होता आणि पिंजारीण नाही म्हणत होती. खाटा असून निजायला काही नाही. तुम्ही दुसरा पिंजारी बघू शकला असतात. कराडला होता, उंब्रजला होता. तुम्ही बघितला नाहीत. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत, ते आज मानते.

त्यानंतर आपण बोलायच्या बंद झालो. तुम्ही ह्यांच्याकडे निरोप द्यायचात. "तुमच्या बायकूला सांगा, पीठ संपलंय." मी तीन हातांवर उभी असायची. मी ह्यांना म्हणायची, "आक्कांना सांगा, पीठ काल दळून आणलंय." शेवटी हे वैतागले. "मी काय पोस्टमन हाय का? दोघी समोरासमोर हाय, बोला की!"

वाट काढली जान्हवीनं. तिचा फोन आला, तुम्ही रागारागानं सगळं सांगितलंत. ती म्हणाली, जुन्या पाहुण्यांना विचारू या. ज्याला जमेल त्यानं एका रात्रीचे पैसे आज द्यावे आणि पुढं कधीही येऊन ती रात्र निजावी. सगळीकडं अशी छोटी ठिकाणं याच वाटेनं तगून राहायला बघत होती म्हणे.

तुम्ही फोनवरच कडाडलात. "न निजलेल्या रातीचं पैसं घिऊ? त्यापरास दरोडा घालते."

"आक्का, पहली रात मैं खरीदती हूँ," ती म्हणाली. "कवठे महांकाळ. कोना मेरा."

तुम्ही फोन माझ्या हातात दिलात आणि आत निघून गेलात. उसाच्या बागायतदार घरातल्या तुम्ही. कोणाचं घेऊन ठेवणं तुमच्या रक्तात नाही. ते तुम्ही घेतलंत, एका पिंजारणीच्या शब्दासाठी घेतलंत, आणि माझ्यावर उपकार केल्यासारखं कधी दाखवलं नाहीत. टोमणे मारलेत, ती गोष्ट वेगळी.

पैसे येत गेले. नवा कापूस टेम्पोनं आला. ह्यांच्या छातीत कापसाची धूळ बसलेली, त्यांना मी मशीनपाशी येऊ दिलं नाही. मी पिंजला, मी भरला. गादीला जागोजाग टाके घालून दोऱ्याच्या गाठी मारतात, म्हणजे कापूस सरकत नाही. मी काय केलं, आगाऊ घेतलेल्या प्रत्येक रात्रीची एक गाठ लाल दोऱ्यानं मारली. बाकीच्या पांढऱ्या. माणूस येऊन आपली रात्र निजला की सकाळी त्याची लाल गाठ कापायची आणि तिथं पांढरी मारायची. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "हे बेस केलंस. आता निजताना बी टोचंल मला, कुनाचं किती हाय त्ये."

फुलांच्या हंगामाला दार उघडलं. पहिल्या दिवशी गाद्यांवर लालच लाल. लग्नातल्या गाद्यांसारख्या दिसत होत्या.

मग पोरं येत गेली. आपली गाठ शोधायची, फोटो काढायची, निजायची. सकाळी तुम्ही पंच वाजवायचात, मी कात्री घेऊन यायची. तेवढ्यासाठी मात्र मी ओट्यामागून बाहेर यायला लागले. कोणी म्हणायचं, राहू द्या गाठ, पैसे नकोत. तुम्ही म्हणायचात, "निज आदी. मग दान कर." आपलं भांडण यावरूनच चालायचं. तुमचं म्हणणं, जे आले नाहीत त्यांना मनीऑर्डर करून टाकू, मोकळं होऊ. माझं म्हणणं, त्यांनी खाट घेतली आहे, खाटच द्यायची. पैसे परत करणं म्हणजे ये म्हटलेल्या पाहुण्याला नको म्हणणं. तुम्ही म्हणायचात, "तू लय शानी झालीस." मी म्हणायची, "तुमच्यापाशी ऱ्हाऊन."

आजारानंतर माणसं बदलली होती. पूर्वी पोरं एका ताटात जेवायची, ओळख नसताना पत्ते कुटायची. आता येताना लॅपटॉप घेऊन यायची आणि दिवसभर खाटेवर बसून कामं करायची. तुम्ही मला हळूच विचारायचात, "ही हिंडाय आल्यात का बँकंत?" खाटांना पडदे हवे म्हणाली. तुम्ही उसळलात. "पडदं कशाला? हितं काय नव्या नवऱ्या निजायच्या हायती?" मी तरी पडदे शिवले. मला त्या पोरांचं कळत होतं. वर्षभर घरात कोंडून राहिलेल्या माणसाला चारचौघांत यायची भीती वाटते. पडदा असला की तो पडद्यामागून तरी बोलतो. मी ओट्यामागून तशीच बोलायला शिकले. आणि बघा, पडदे लागल्यावर रात्री गप्पा वाढल्या. तुम्ही हार मानली नाहीत, पण उंब्रजच्या खाटेचा पडदा तुम्ही स्वतः धुऊन इस्त्री केलात, हे मी बघितलं.

आणि तो मिसळलेला कापूस. तो माळ्यावर पोत्यांत पडून होता. मी टाकू म्हणायची, तुम्ही टाकू द्यायचा नाहीत. मग एक दिवस तुम्ही तुमच्या स्वतःच्या गादीची खोळ उसवून माझ्यापुढं टाकलीत.

"माजी गादी त्या कापसाची भर."

"आक्का, नगा."

"का? मालकीण म्हनती म्हनून भर. पावन्याच्या अंगाखाली घालत न्हाईस ना, नगं घालूस. माज्या अंगाखाली घाल. तात्या माज्या हातात गेल्यात. त्यांचं वजन मला काय जड न्हाई."

 मी तात्यांच्या मुलाला विचारून आले. तो म्हणाला, आक्का निजणार असतील तर माझ्या बापाचं नशीब. मी तुमची गादी भरली. चांगली जाड भरली. तेव्हापासून रोज सकाळी तुम्ही ओट्यापाशी येऊन मला टोचायचात, "बघ, जित्ती हाय. झोप बी लय ग्वाड लागली." मी म्हणायची, "बरं झालं." तुम्ही म्हणायचात, "हारलीस का?" मी म्हणायची, "न्हाई."

मी हरले नव्हते आक्का आणि तुम्हीही हरला नव्हतात. कापूस शेवटी ज्याचा, त्याच्या माणसापाशी गेला होता. एवढं तुम्हाला सांगायचं राहिलं. रोज हसून टाळत गेले.

त्या दिवशी दुपारी तुम्ही जेवून आडव्या झालात. चार वाजता मी चहा घेऊन आले, हाक मारली. मग हात लावला. तुमचं तोंड खिडकीकडं होतं आणि चेहऱ्यावर काही त्रास नव्हता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. आता तुम्ही असतात तर पहिलं हेच म्हणाला असतात, "त्या कापसानं न्हाई गं! न्हाईतर म्हनशील, मी सांगितलं व्हतं."

नाही म्हणत.

विलासराव आले, सगळं रीतसर केलं. माणूस वाईट नाही. तिसऱ्या दिवशी खोलीत डोकावून म्हणाले, "ती गादी टाकून दे." मी म्हटलं, "टाकायची न्हाई. कापूस वेगळा बांधते. तुमी घरचं हाय, काय करू सांगा." ते माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांच्याशी बोलले, याचंच त्यांना नवल वाटलं असावं. म्हणाले, "तूच बघ."

मग बाहेर बसल्यावर त्यांनी विषय काढला. "आता हे कोन चालवणार?"

"मी."

"तू? आगं, तू पावन्यापुढं येत न्हाईस."

"आता येते."

"आन हिशेब? लोकांचं देनं?"

"एका रातीचं ऱ्हायलंय. ते फिटलं की कुनाचं काय न्हाई. मग बोलू."

ते उठले, पाटीकडं बघितलं. "बरं. फिटू दे," म्हणाले. खताचं गोदाम त्यांच्या मनातून गेलेलं नाही, ते मला कळलं. पण गेटपर्यंत जाताना त्यांनी वाकून पायरीवरची चहाची बशी उचलून कठड्यावर ठेवली. ज्याला जागा मोडायची असते तो बशी उचलत नाही.

जान्हवीला मी फोन केला. मला फोन करायचा म्हणजे घाम फुटतो, तुम्हाला माहीत आहे.  ऐकून ती एवढंच म्हणाली, येते. आणि ती आली, परवा. पाठीवर तीच निळी सॅक. दारात मी उभी होते. ओट्यामागं नाही, दारात.

तिला मी विचारलं, "इतकी वर्षं का आली नाहीस? आक्का दर दिवाळीला फोन करायच्या." तुमचा फोन मला पाठ आहे. "जानवे, कवा येतीस? तुजी रात बाकी हाय. व्याज चढाय लागलंय."

ती म्हणाली, "वो रात बाकी थी, इसलिए तो फ़ोन आता था दीदी. सो जाती तो हिसाब ख़तम."

मी ऐकून घेतलं. आत जाऊन चहा ठेवला आणि चुलीपाशी मला हसू आलं. कारण मनीऑर्डर करून मोकळं व्हायची घाई तुम्हाला. चार पाहुण्यांना तर तुम्ही माझ्या नकळत पैसे पाठवले होतेत, ते मला नंतर कळलं. जान्हवीचा पत्ता तुमच्यापाशी होता. तिला मात्र तुम्ही एक रुपया पाठवला नाहीत. तुम्हीही ती रात्र शिल्लकच ठेवली होतीत ना? जीव टांगणीला आहे म्हणायचात, आणि स्वतःच टांगून ठेवला होतात.

रात्री ती म्हणाली, मी आक्काच्या गादीवर निजू का? मी नाही म्हटलं. तिला वाईट वाटलं, तिचे डोळे भरले. तरी मी नाही म्हटलं. तिला सासऱ्यांचं सांगणं सांगितलं. तुमचा कापूस मी उसवून वेगळा बांधला होता, तात्यांच्या मुलालाही परत विचारलं होतं. तो म्हणाला, आक्कांच्या बरोबरच असू द्या. मागच्या अंगणात चाफ्याच्या बुडाशी मी मोठा खड्डा घेतला होता, माळ्यावरची पोतीही त्यातच जायची होती. जान्हवी म्हणाली, मग मी उद्या माती टाकायला थांबू? म्हटलं, थांब. पण आजची रात्र तुझी, उद्या राहिलीस तर उद्याचे पैसे घेईन. ती रडता रडता हसली. "बिलकुल आक्का जैसी हो गई हो." मी म्हटलं, नाही, आक्कांनी उद्याचे घेतले नसते. म्हणून तर मला घ्यावे लागतात.

ती कवठे महांकाळला निजली. पडदा ओढून घेतला आणि मग पडद्यामागून माझ्याशी किती तरी बोलली. मी खाली बसून ऐकत होते, अधूनमधून मीही बोलले.

सकाळी मी तुमच्या खोलीतून पंच घेतला. भुईंजला दोघी मैत्रिणी होत्या, साताऱ्याला एक सायकलवाला, मिरजेला एक मुलगा. मी दारात उभी राहिले.  टिक टिक वाजवलं आणि ओरडले, "चला, भुईंज उतरा! सातारा उतरा! मिरज उतरा! चा गार व्हाय लागला!" माझा आवाज मलाच मोठा वाटला. सायकलवाला दचकून उठला आणि त्याचं डोकं वरच्या खाटेला आपटलं. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

कवठे महांकाळला मी हाक मारली नाही. शेवटचा थांबा आहे, तिथं निजलेल्याला उठवायचं नाही.

ती आपणच उठली, ऊन खिडकीतून आत आल्यावर. चहा प्यायली. दोघींनी मिळून चाफ्यापाशी कापूस ठेवला, माती सारली. मग मी गादी उन्हात आणली, कात्री घेतली, लाल गाठ कापली, आणि त्या जागी पांढरी मारली. जान्हवीनं तो लाल दोरा मागितला. मी दिला.

तिसऱ्या प्रहरी विलासराव येऊन गेले. मी गाद्या एकामागून एक त्यांच्यासमोर उलटून दाखवल्या. सगळ्या पांढऱ्या. त्यांनी चहा दोनदा घेतला, आणि जाताना विचारलं, "फुलाच्या हंगामाला गाद्या पुरतील का?"

आक्का, आता निवांत निजा. सगळ्यांचे पैसे फिटले.